सहावी नोंद

१२ जून

टिल्ल्या,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच बाजूला टाकशील, म्हणून वरचा पत्ता शेजारच्या मास्तरीणबाईंकडून लिहून घेतला. तेवढी लबाडी पोटात घाल. चौदा महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आता लिहितेय तीही कामापुरतीच.

तुला हॉस्पिटलचं एक पत्र येईल, कदाचित आलंही असेल. बाबांच्या वॉर्डात भूल देणाऱ्या एक डॉक्टरीणबाई होत्या. उंच, चष्मा केसांत खोचून जगभर चष्मा शोधत हिंडणाऱ्या. तू आलास तेव्हा त्या रजेवर होत्या, म्हणून तुझी गाठ पडली नाही. ज्यांचं हृदय बंद पडून पुन्हा सुरू होतं त्यांना त्या विचारतात की मधल्या वेळात काही दिसलं का, काही ऐकू आलं का. कोणी हो म्हणालं तर सगळं लिहून घेतात. मग तिथे हजर असलेल्या माणसांना एकेकटं गाठून विचारतात की तसं खरंच घडलं होतं का. वीस वर्षं त्यांचं हे चाललंय. आता त्या नोंदींचं पुस्तक करताहेत. बाबांची नोंदही त्यात आहे. नाव येणार नाही. दोन्ही मुलांची सही मात्र हवी.

सही करून पाठवून दे. त्यात विशेष काही नाही. बाबांनी सहा गोष्टी सांगितल्या होत्या, पाच जुळल्या, एक जुळली नाही, असं लिहिलंय. इतक्या आजारी माणसाच्या बोलण्यातल्या पाच जुळल्या हेच पुष्कळ.

माझं बरं चाललंय. शर्टांच्या कारखान्यातच आहे, शेवटच्या टेबलावर. शिवून आलेला शर्ट उलटा करून दोरे कापायचे, कॉलर दोन्हीकडे सारखी आहे का बघायचं, बटणं ओढून बघायची. दिवसाला तीनशे शर्ट होतात. कंबर अधूनमधून धरते. बाबांची खाट मी देऊन टाकली, खोली एकदम मोठी वाटते. तुला हवं असेल तर त्यांचं पितळी वजनांचं खोकं ठेवलंय.

सही तेवढी कर. बाकी काही विचारू नकोस.

ताई

२७ जून

टिल्ल्या,

तुझा कागद मिळाला. सही नाही, नुसतं पेन्सिलीनं मागे लिहिलंस, "जुळली नाही ती कोणती?" लहानपणीही शंभर गोष्टी दिल्या तरी एकशे एकावी मागायचास.

सांगते. पण पहिल्यापासून सांगावं लागेल, कारण तुला त्या दिवसाचं काहीच माहीत नाही.

मंगळवार होता. सकाळचे अकरा वाजले असतील. मी बाबांना लापशी भरवत होते आणि ते चमच्याकडे बघून म्हणत होते, "हा चमचा दहा मिलीचा नाही, आठचा आहे." तीस वर्षं वजनमापे तपासली, मरणाच्या दारातसुद्धा चमचा मोजायची खोड गेली नाही. मी म्हटलं, "बरं, मग दोन जास्त भरवते." त्यावर ते हसायला लागले आणि हसता हसता मान एका बाजूला गेली. चमचा माझ्या हातातच राहिला. मग मशीन कर्कश्श वाजायला लागलं, सगळे धावले, कोणीतरी मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि दार लोटलं. दाराला काच आहे, पण माझ्या डोक्याच्या वर. मी बाहेरच्या पॅसेजमध्ये उभी राहिले. खोली आणि पॅसेज यांच्यामधे आणखी एक दार आहे, तेही बंद होतं; माझ्यामागे जिना. आतलं मला काही दिसत नव्हतं. आतल्यांना मी दिसत नव्हते.

नऊ मिनिटांनी हृदय परत सुरू झालं.

गुरुवारी ते नीट बोलायला लागले, आणि पहिलं काय मागितलं असेल? कागद आणि पट्टी. कागदावर दोन रकाने आखले. एकावर लिहिलं "पाहिले", दुसऱ्यावर "पडताळले". डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा हे तयार. त्या विचारायला लागल्या, "आजोबा, तुम्हाला काय वाटलं?" तर म्हणाले, "वाटलं लिहू नका. दिसलं लिहा."

ते म्हणाले की ते छताजवळ होते. दुखत नव्हतं. स्वतःचं शरीर खाली दिसत होतं आणि त्याच्याविषयी फारसं काही वाटत नव्हतं, जुना कोट खुंटीवर दिसावा तसं. त्यांनी पाहिलं की शॉकचं मशीन पहिल्यांदा चाललंच नाही, कारण प्लग सैल होता, आणि सफाईच्या मावशींनी तो पायानं आत रेटला. सिस्टरांनी साफ नाकारलं. मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मीच दाबला. आता काय, काढणार का मला?" छाती दाबताना जाड्या सिस्टरची केसांची क्लिप उडाली होती. बाबा म्हणाले, शेजारच्या खाटेच्या मागच्या डाव्या चाकाशी बघा. तिथेच होती. सिस्टर ती दोन दिवस घरी शोधत होत्या. शिकाऊ डॉक्टर खाटेवर गुडघा टेकवून चढला तेव्हा त्याच्या बुटाच्या तळाला कसलंतरी लेबल चिकटलेलं होतं. तेही जुळलं. शेजारच्या खाटेवरचे निवृत्त बस ड्रायव्हर तोंडावर चादर ओढून शंभरापासून उलटे आकडे मोजत होते. त्यांना फार लाज वाटली. "एक्क्याण्णवपर्यंत आलो होतो," म्हणाले, "मग विसरलो पुढचं."

आणि औषधांच्या कपाटाच्या माथ्यावर एक भिंतीवरचं घड्याळ उताणं पडलेलं होतं, चार वीसला थांबलेलं. खाली उभं राहून ते कोणालाच दिसण्यासारखं नव्हतं. डॉक्टरीणबाई स्वतः स्टुलावर चढल्या. बाबा खाटेवरून म्हणाले, "आधी हलवून बघा स्टूल, त्याचा एक पाय आखूड आहे." त्या चढल्या, वर बघितलं, आणि बराच वेळ खाली उतरल्या नाहीत.

ह्या झाल्या पाच. सहावी फारशी काही नव्हती. माझ्या चपलेबद्दल काहीतरी होतं. एक पायात नव्हती म्हणाले. त्यांची समजूत झाली असेल.

आता सही कर रे.

ताई

९ जुलै

टिल्ल्या,

ह्या वेळी तू कोरा कागदही पाठवला नाहीस. रोज कारखान्यातून आले की दारातल्या पेटीत हात घालते. आज विजेच्या खात्याची चिठ्ठी होती आणि तुझ्याऐवजी तीच दोनदा वाचली.

चपलेचं मी खोटं लिहिलं. म्हणजे चप्पल होतीच, पण एवढंच नव्हतं.

नऊ वर्षं बाबा माझ्याकडे होते हे तुला माहीत आहे. म्हणजे काय ते माहीत नाही. तू महिन्याला फोन करायचास, ते तुला म्हणायचे, "मी ठणठणीत आहे," आणि फोन ठेवला की धाप लागून अर्धा तास खाटेची कड धरून बसायचे. शेवटची दोन वर्षं त्यांना उचलून बसवावं लागे. त्यांची अंघोळ, त्यांचं सगळं, मग कारखाना, मग परत त्यांचं सगळं. मी तुला कधी बोलले नाही कारण तू म्हणाला असतास, "मी येऊ का?" आणि आला नसतास. मग मला तुझा राग आला असता. तो मला नको होता. हे मी तुला टोचायला लिहीत नाही. लिहिताना टोचलं असेल तर असू दे.

त्या दिवशी पॅसेजमध्ये मी उभी होते. कंबर भरून आली की मी एक चप्पल काढते आणि तो पाय दुसऱ्या पायावर ठेवून उभी राहते. कारखान्यात सगळ्या जणी हसतात, म्हणतात, बगळा आला. तशीच उभी होते. सातेक मिनिटं झाली असतील. शिकाऊ डॉक्टर बाहेर आला. पोरसवदा होता, घामानं निथळत होता. दार त्याच्यामागे बंद झालं. तो म्हणाला, "आम्ही करतोय प्रयत्न. पण फार वेळ झालाय. अजून करू ना?"

मी म्हटलं, "राहू द्या आता. सुटू दे त्यांना." आणि मग म्हटलं, "आणि मलाही."

हळूच म्हटलं. त्यालाच कसंबसं ऐकू गेलं असेल. तो मान हलवून आत गेला, आणि तो आत जाईपर्यंत हृदय सुरू झालं होतं.

आता तू विचारशील, त्यांची दया आली म्हणून म्हणालीस ना? मीही स्वतःला तसंच सांगत होते. दया होती. पण ती पहिल्या वाक्यात होती. दुसरं वाक्य माझं होतं. मला झोप हवी होती, टिल्ल्या. नऊ वर्षांत एक झोप सलग मिळाली नव्हती, आणि त्या क्षणी मला बाबा नकोत आणि झोप हवी असं वाटलं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

बाबांनी ते पाहिलं होतं. ऐकलंही होतं. दोन बंद दारांच्या पलीकडून.

उद्या पुढचं लिहीन.

११ जुलै

काल जमलं नाही. आता एकदम सगळं लिहिते, मधे थांबले तर परत राहून जाईल.

बाबांनी सहावी गोष्ट कागदावर लिहिली नव्हती. डॉक्टरीणबाईंना कानात सांगितली आणि म्हणाले, "तिला एकटीला विचारा. माझ्यासमोर नको." बघ, त्यातही माझी लाज राखली.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी मला सलाईनचे स्टँड ठेवतात त्या खोलीत नेलं. बाबा काय म्हणाले ते त्यांनी मला सांगितलं नाही. त्यांची तशी पद्धत आहे, आधी सांगितलं तर माणूस हो ला हो करतं. त्यांनी एवढंच विचारलं, "त्या वेळी तुम्ही बाहेर कशा उभ्या होता? कोणाशी काही बोललात का?"

मला त्याच क्षणी कळलं. बाकीच्या पाच जुळल्याचं मी स्वतः बघितलं होतं, त्या घड्याळासाठी स्टूल मीच धरलं होतं. बाबा वर होते तर मी खाली होते, दिसलेच असणार.

मी म्हटलं, "काही नाही बोलले. रडत होते."

"चपला?"

"दोन्ही पायांत होत्या."

त्यांनी शिकाऊ डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, "आठवत नाही, मॅडम. दाराशी रोज कोणी ना कोणी काहीतरी म्हणतंच."

झालं. त्यांनी लिहिलं, जुळली नाही.

संध्याकाळी मी बाबांचे पाय चेपत होते. ते म्हणाले, "तुझ्या डोक्यावर मधोमध केस विरळ झालेत. मला माहीत नव्हतं. मी नेहमी तुला खालूनच बघतो ना, खाटेवरून." मी पाय चेपत राहिले. तू दिवसभर क्रेनमध्ये बसून वरून माणसांची टाळकी बघतोस, तुला कळेल ते काय म्हणत होते. मग म्हणाले, "तू म्हणालीस, राहू द्या आता, सुटू दे त्यांना, आणि मलाही. बगळ्यासारखी उभी होतीस. म्हणालीस की नाही, एवढंच सांग. मी रागावणार नाही. मला राग आलाच नाही तिथे. मला वाटलं, बरोबर बोलतेय पोरगी."

हे शेवटचं वाक्य त्यांनी म्हटलं होतं, टिल्ल्या. मला माफ करूनच त्यांनी विचारलं होतं. तरी मी म्हटलं, "नाही हो बाबा. तुम्हाला भास झाला."

"नक्की?"

"नक्की. मी असं म्हणेन का?"

ते माझ्याकडे बघत राहिले. तो त्यांचा कामावरचा चेहरा होता. तू लहान असताना एकदा त्यांच्याबरोबर बाजारात गेला होतास, आठवतं? दुकानदार शपथा घेत होता आणि बाबा नुसते तराजूच्या काट्याकडे बघत होते. पण ह्या वेळी त्यांनी काट्यावर विश्वास ठेवला नाही. माझ्यावर ठेवला.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितेय ते.

शुक्रवारी, पाच गोष्टी जुळल्या त्या दिवशी, त्यांनी मला आणखी एक सांगितलं होतं. ते कागदावर नव्हतं, कारण ते पडताळता येण्यासारखं नव्हतं. छताच्या पुढे कुठेतरी त्यांना आई दिसली होती. ती गेल्यावर बारा वर्षांनी. मोजा रफू करत बसली होती. मान वर करून म्हणाली, "एवढ्यात कसे आलात?" ते ऑफिसातून लवकर आले की म्हणायची तशी. बाबा मला म्हणाले, "हे मी कोणाला सिद्ध करून दाखवू शकत नाही. पण क्लिप खरी निघाली, घड्याळ खरं निघालं. म्हणजे नजर शाबूत होती. त्याच नजरेनं मी तिला पाहिलं. मग ते खोटं का धरायचं?" असं म्हणून लहान मुलासारखे हसले. त्या शुक्रवारपासून सोमवारपर्यंत तीन दिवस बाबा इतके खूश होते की ड्रायव्हर मला म्हणाले, "तुमच्या वडलांना लॉटरीबिटरी लागलीय का?"

आणि मंगळवारी सकाळी मी गेले तर ते कागद पुढ्यात घेऊन बसले होते. मला म्हणाले, "आमच्या खात्यात नियम होता. संचातलं एक वजन खोटं निघालं तर सगळा संच जप्त."

मी म्हटलं, "बाबा, पाच तर जुळल्यात."

"पाच जुळल्यात त्या कशावरून?" ते म्हणाले. "क्लिप पडल्याचा आवाज कानांनी टिपला असेल. प्लग आत गेल्याचा खटका, ड्रायव्हरसाहेबांचं मोजणं, तेही कानावर पडलं असेल. बंद पडलेलं घड्याळ कोणी वर ठेवताना कधी दिसलं असेल. मी पडलेला होतो, डोळे किलकिले असतील, बूट दिसला असेल. बाहेरचं तेवढं एकच असं होतं की जे मला कळायला दुसरी वाटच नव्हती. आणि तेच खोटं." एकेक करून त्यांनी सगळं स्वतःच मोडीत काढलं. मग पट्टी ठेवून कागदावर आडवी रेघ मारली, खाली सही केली, तारीख घातली.

मी विचारलं, "आणि आई?"

ते म्हणाले, "मेंदूला हवा कमी पडली की होतं तसं."

बुधवारी म्हणाले, "टिल्ल्याला बोलव. मला त्याला काही विचारायचंय." मला वाटलं, ते तुला सगळं सांगतील. तू मला ओळखतोस. तू माझ्याकडे बघताच तुला कळलं असतं की मी खरंच म्हणाले होते. म्हणून मी तुला फोन केला आणि सांगितलं, बाबांना भ्रम झालाय, ते कोणाला ओळखत नाहीत, तू येऊन काय करणार, बघवणार नाही तुला. तू फोनवर रडलास आणि मी तुझी समजूत घातली.

शनिवारी ते गेले. सोमवारी तू आलास आणि ड्रायव्हरांनी तुला सांगितलं की गेले ते शुद्धीवर होते, पेपर वाचत होते, मुलगा आला का म्हणून दोनदा विचारलं. तू घरात येऊन एवढंच म्हणालास, "का, ताई?" मी उत्तर दिलं नाही. आज दिलंय.

ताई

३० जुलै

टिल्ल्या,

तुझं काही आलं नाही. मी वाट बघत नाही असं म्हटलं तर तेही खोटं होईल, आणि आता मला ते परवडत नाही.

गेल्या आठवड्यात अर्धी रजा काढून डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांची खोली तळमजल्यावर आहे, खिडकीबाहेर ऑक्सिजनच्या टाक्या उभ्या असतात. कपाटात बाबांसारख्या लोकांच्या फाइली. मी म्हटलं, "मी त्या दिवशी खोटं बोलले. सगळं खरं होतं. चप्पलसुद्धा." मग शब्दन् शब्द सांगितला.

त्यांनी लिहायला पेन उचललं, आणि ठेवून दिलं.

"तुम्ही आता सांगताय त्यावर माझा विश्वास आहे," त्या म्हणाल्या. "पण मला ते लिहिता येणार नाही."

"का? मी सही करते. शपथेवर सांगते."

"त्या दिवशी मी विचारलं तेव्हा त्यांचं वाक्य तुम्हाला माहीत नव्हतं. म्हणून तेव्हाच्या तुमच्या 'हो'ला मोल होतं. नंतर त्यांनी ते तुम्हाला स्वतः सांगितलं. आता तुम्ही तेच मला परत सांगताय. मुलगी वडलांच्या प्रेमापोटी म्हणतेय असं कोणीही म्हणेल. मीसुद्धा म्हणेन, दुसऱ्या कोणाची नोंद असती तर."

"शिकाऊ डॉक्टर?"

"त्याला मी पुन्हा लिहिलं होतं. त्याला नाहीच आठवत."

मग त्यांनी टेबलावर चष्मा शोधला. चष्मा केसांतच होता. म्हणाल्या, "खोलीतलं सांगणारे मला पुष्कळ भेटतात. त्यावर लोक म्हणतात, अर्धवट शुद्ध होती, कानावर पडलं. दोन दारांपलीकडचं, नेमकं वाक्य, असं वीस वर्षांत हे एकच होतं माझ्याकडे."

मी म्हटलं, "चुकलं माझं."

त्यांनी विचारलं, "त्यांना सांगितलंत का नंतर? तुमच्या वडलांना?"

मी मान हलवली, नाही म्हणून. त्या उठल्या, मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि दाराशी माझ्या खांद्यावर हात ठेवल्यासारखं करून ठेवला नाही.

तेव्हा पुस्तकात एक जुळली नाही असंच छापून येईल. मी सही केली. कारण मी ते खोटं ठरवलं, आणि आता मला ते खरं करता येत नाही. उद्या मी ओरडून सांगितलं तरी ते एका बाईचं बोलणं. वाचणारे म्हणतील, म्हातारा भला होता, थोडा गोंधळला होता. बाबा, ज्यांनी आयुष्यात अर्धा ग्रॅम इकडचा तिकडे केला नाही.

कारखान्यात हल्ली दोरे कापताना कापडाला कात्री लागते. दोन शर्ट बाद झाले. मुकादमबाई म्हणाल्या, "लक्ष कुठे असतं तुमचं?" मी म्हटलं, "वर."

त्या वर बघायला लागल्या.

ताई

१४ ऑगस्ट

टिल्ल्या,

तुझं पत्र आलं. एवढ्या लांबून अडीच ओळी. तू लिहिलंस की तू मला माफ केलेलं नाहीस आणि करशील असं वाटत नाही. ते बरोबर आहे. मी त्यासाठी लिहिलं नव्हतं. आणि लिहिलंस की तुला एकच गोष्ट कळायला हवी, शेवटी बाबा घाबरले होते का.

तू वर्षभर हाच प्रश्न घेऊन त्या क्रेनवर बसत असशील हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मला 'नाही' असं म्हणता आलं असतं. तिथे मी एकटीच होते. तुला पडताळायला कोणी नाही. ड्रायव्हरही गेले, उन्हाळ्यात.

हो, टिल्ल्या. घाबरले होते.

मंगळवारी रेघ मारल्यापासून ते कमी बोलायला लागले. गुरुवारपासून दिवा घालवू देईनात. मी उठून बाहेर निघाले की विचारायचे, "किती वेळ?" मी पाच मिनिटं म्हटलं की भिंतीकडे बघून पाच मिनिटं मोजायचे. ज्या माणसानं सबंध आयुष्यात स्वतःसाठी कोणाला थांबवून घेतलं नाही, त्यानं माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं. एकदा म्हणाले, "अंधार असतो का गं?" मी ऐकू न आल्यासारखं केलं.

शनिवारी दुपारी अडीच वाजले होते. खिडकीचा पडदा अर्धा ओढलेला, ड्रायव्हर घोरत होते, सिस्टर टेबलाशी बसून डबा खात होत्या. बाबांचे ओठ निळसर झाले होते. एका हातानं त्यांनी खाटेची लोखंडी दांडी धरली होती, इतकी घट्ट की नखं पांढरी पडली होती. माझ्याकडे वळून म्हणाले, "तिथे काहीच नसेल ना गं?"

मला एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणाले होते, बाबा. एवढंच. तेवढ्यानं क्लिप परत खरी झाली असती, घड्याळ खरं झालं असतं, आई खरी झाली असती. ते रागावणार नव्हते, त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. मी वाकले, त्यांच्या कानाशी तोंड नेलं. ते वाट बघत होते. त्यांना कळलं होतं की मी काहीतरी सांगणार आहे. दांडीवरचा हात सैल झाला त्यांचा.

मी म्हटलं, "पाणी देऊ का?"

त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. मग डोळे मिटून म्हणाले, "दे."

ताई